काकू, कादंबरी म्हणजे विकथा का हो?



गेल्या अष्टमीला बस्तीत अभिषेक आटोपल्यावर आम्ही चार-पाच जणी नेहमीसारख्या कट्ट्यावर टेकलो होतो. आमच्या गल्लीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून जवळ सरकली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "काकू, तुम्ही वाचनालयात जाता ना? मग कादंबरी वाचणं म्हणजे विकथा का हो?" तिच्या सासूबाईंनी तिला तसं सांगितलं होतं. माहेराहून आणलेली पुस्तकांची पिशवी माळ्यावर गेली होती.

मी तिला तेव्हा धड उत्तर दिलं नाही. "ये एकदा दुपारची घरी," एवढंच म्हटलं. तिच्या सासूबाई दोन पायऱ्या खाली चपला घालत होत्या, आणि त्यांचा-माझा तीस वर्षांचा शेजार आहे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज माझ्या कपाटातल्या पुस्तकांबद्दल माझं जे खरं मत आहे ते लिहून टाकते. काही मतं तुम्हाला आवडणार नाहीत. धार्मिक पुस्तकांबद्दलची तर नाहीच आवडणार, पण पूर्ण वाचा आणि मग रागवा.

शास्त्रात विकथा चार सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भोजनकथा, राष्ट्रकथा आणि राजकथा. ज्या गप्पांनी राग-द्वेष वाढतात, प्रमाद वाढतो, त्या गप्पा. या हिशेबानं सकाळचं वर्तमानपत्र म्हणजे राष्ट्रकथा आणि राजकथा. रात्री आठच्या मालिकेत उरलेली सगळी आली. आणि भोजनकथेचं काय? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, तेव्हापासून ती आपल्या कितीतरी जैन स्वयंपाकघरांत फळीवर उभी आहे. पानापानांतून भोजनकथाच. ती कोणी माळ्यावर टाकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मला 'रुचिरा' फार आवडते, हे आधी सांगते. माझ्या आईची रीत म्हणजे 'अंदाजानं घाल', आणि अंदाज नवीन सुनेला कुठून यायचा? या बाईंनी वाटी-चमच्यानं मोजून सांगितलं. माझी प्रत पेन्सिलीच्या खुणांनी भरली आहे. बटाट्यावर काट आणि बाजूला 'कच्ची केळी', लसणावर काट आणि बाजूला 'हिंग, जिरं'. आता प्रामाणिकपणे बोलायचं तर आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत कांदा-बटाटा चातुर्मासापुरताच बंद असतो, आणि अनंत चतुर्दशी झाली की टोपलीत परत येतो. आमच्याकडेही कित्येक वर्षं तसंच होतं. पण त्या पेन्सिलीनं मला एक शिकवलं. पुस्तक आपलं नसलं म्हणून टाकायचं नसतं, खुणा करत वाचायचं असतं.

कादंबऱ्यांकडे वळते. कॉलेजात असताना सगळ्या मुली वाचत होत्या म्हणून मीही वि. स. खांडेकरांची 'ययाति' वाचली. खांडेकर जन्मले सांगलीत, राहिले कोल्हापुरात, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखी माया. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीला पहिल्यांदा मिळाला तो यांनाच. तेव्हा मी वाक्यंच्या वाक्यं वहीत उतरवली होती. गेल्या वर्षी परत हातात घेतली आणि खरं सांगते, दमले. दर दोन पानांनी उपमा. माणूस रडतो तेव्हाही सुभाषितात रडतो. आणि देवयानीवर तर अन्यायच झाला आहे. गर्विष्ठ, तापट, सगळं खरं, पण नवरा दुसरीकडे गुंतला तर ती काय आरती ओवाळणार होती? ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघांनाही लेखकानं आपापली बाजू सांगायला दिली आहे, तरी माया शर्मिष्ठेच्या ओंजळीत जास्त पडली असं मला वाटतं.

तरीही हे पुस्तक मी तरुण मुलींना देईन. आपण परिग्रह-परिमाण व्रताचं पाठांतर करतो, पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात त्याच व्रताला 'इच्छापरिमाण' असंही नाव दिलं आहे, ते किती जणींच्या लक्षात आहे? वस्तू मोजायच्या आधी इच्छा मोजायची. मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप म्हणजे इच्छेला परिमाण न घातलेला माणूस. व्रताचा अर्थ मला प्रवचनात कळला होता, पण अंगावर काटा आला तो ययातीमुळे.

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' सतराव्या वर्षी रडत वाचली. पंचेचाळिसाव्या वर्षी साठ पानांवर ठेवून दिली. कर्णाचं दुःख मोठं आहे, पण द्रौपदीच्या भर सभेतल्या अपमानात त्याचा जो वाटा आहे तो अशा सोनेरी भाषेत गुंडाळलेला मला आता सोसत नाही. त्यापेक्षा इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचा. बारीकसं पुस्तक आहे, आणि त्यात कोणालाच माफी नाही.

आता एक मत असं आहे की ते ऐकून माझी बहीण दोन दिवस बोलली नव्हती. मला 'श्यामची आई' मुलांना वाचून दाखवायला आवडत नाही. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. मन किती निर्मळ असेल त्या माणसाचं! त्याबद्दल मला शंका नाही. पण आई झाल्यावर मी ते वाचलं तेव्हा मला श्याम दिसेना, आईच दिसायला लागली. आजारी, कर्जानं पिचलेली, आणि सगळ्या घरानं चांगलं वागण्याची जबाबदारी एकट्या तिच्या अंगावर टाकलेली. मुलांना संस्कार हवेत, तर ते तिनं करायचे. लाज वाटायची, तर ती तिला वाटायची. मुलाला मी विचारलं होतं, "श्यामचे वडील काय करतात रे या गोष्टीत?" तो विचारात पडला. तुम्हीही विचारून बघा. पुस्तक वाईट नाही. आपण ते आयांच्या डोक्यावर आपटतो, ते वाईट.

मुलांसाठी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' बरं. १९८१ सालचं, अजून ताजं आहे. गुलामीत जन्मलेला काळा मुलगा कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकतो आणि नापीक झालेल्या जमिनीत भुईमूग लावायला शेतकऱ्यांना शिकवतो. आमच्या धाकट्यानं त्यावरून वाद घातला होता, "रताळं चालत नाही तर शेंग कशी चालते? तीपण मातीतच असते ना?" मग शेंग मातीत वाढली तरी ती मूळ नव्हे, फळ आहे, आणि कंदासारखी अनंतकाय नाही, हे सांगताना माझंच ज्ञान तपासून झालं. माझी एकच तक्रार आहे. या पुस्तकातल्या कार्व्हरला दोषच नाही. इतका निर्दोष माणूस मुलांना लांबचा वाटतो.

मोठ्यानं इंजिनिअरिंगला गेल्यावर 'रिच डॅड पुअर डॅड' आणलं. मी वाचलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बापाला कमी लेखायचं आणि पैशाला पैसा लावणाऱ्याला गुरू करायचं, हा त्यातला मतलब मला पटला नाही. आपल्या समाजात व्यापार आहे, सावकारी होती, पैसा कसा वाढतो हे शिकायला आपल्याला परदेशी पुस्तक कशाला? कुठं थांबायचं ते शिकवणारं हवं. मुलगा म्हणाला, "आई, तुला अर्थकारण कळत नाही." असेलही. पुढे जाऊ.

आता धार्मिक पुस्तकं. पंचकल्याणकात, विधानात, वाढदिवसाला प्रभावना म्हणून जी रंगीत गुळगुळीत पुस्तिका हातात पडते, तिच्याबद्दल आधी बोलते. माझ्याकडे अशा चाळीस तरी आहेत. मुखपृष्ठावर किरणं, आत देणगीदारांचे फोटो, आणि मधल्या पानांत कुठलं स्तोत्र किती वेळा म्हटलं की काय मिळतं याचा दरफलक. भक्तामरातल्या अठ्ठेचाळीस काव्यांपैकी कुठलं डोकेदुखीवर, कुठलं कोर्टाच्या कामावर, कुठलं दुकान चालण्यासाठी. मानतुंगाचार्यांनी आदिनाथांची स्तुती केली आणि आपण तिचं औषधाचं दुकान केलं. विकथा शोधायचीच असेल तर मी आधी या पुस्तिका उघडीन. राग-द्वेष, लोभ, भीती, सगळं त्यांत आहे, फक्त कागद चांगला आहे.

रत्नकरंड श्रावकाचार याच्या अगदी उलट. अवघे दीडशे श्लोक. पण आपल्याला मिळणाऱ्या काही टीका अशा लिहिल्या आहेत की सरकारी परिपत्रक त्यापेक्षा गोड वाटावं. 'सबब', 'तथापि', 'उक्त' यांतून वाट काढत मूळ श्लोकापाशी पोहोचेपर्यंत जांभई येते. माझा उपाय सांगते. आधी त्यातल्या गोष्टी वाचा. अनंतमतीची वाचा. लहानपणी बापाबरोबर तिनं ब्रह्मचर्य घेतलं. पुढे लग्नाची वेळ आली तेव्हा बाप म्हणाला, अगं ती गंमत होती. ती म्हणाली, व्रतात गंमत कसली? तोंडात फूल धरून समवसरणाकडे निघालेल्या बेडकाची वाचा. राजा श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली तो सापडतो, तरी त्याची पूजा पोहोचते. मग श्लोकाकडे या. यातल्या आणखी एका गोष्टीकडे मला शेवटी यायचंच आहे.

आणि रविषेणाचार्यांचं पद्मपुराण. माझं सगळ्यांत आवडतं पुस्तक विचाराल तर हे, आणि कंटाळवाणंही हेच. सातव्या शतकातलं, १२३ पर्वांचं. माझ्याकडे पंडित पन्नालालजींच्या हिंदी अनुवादाचे तीन जाड भाग आहेत. सुरुवातीला विद्याधरांच्या वंशावळी येतात. राजाचं नाव, राणीचं नाव, मुलाचं नाव, त्याला वैराग्य, दीक्षा, पुन्हा पुढचा राजा. माताजींची क्षमा मागून सांगते, मी तिथली पानं भराभर उलटली आहेत. पण पुढे काय खजिना आहे! रावणाला दहा तोंडं नाहीतच. लहानपणी गळ्यातल्या हारातल्या रत्नांत त्याच्या तोंडाची नऊ प्रतिबिंबं दिसली, म्हणून दशानन. वानर म्हणजे माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेला विद्याधरांचा वंश. रावणाला मारतो लक्ष्मण, आणि त्याचं फळही त्यालाच भोगावं लागतं. राम पुढे मुनी होऊन आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीवरून मोक्षाला जातात.

पण मी हे पुस्तक उघडते ती सीतेसाठी. लोकापवादाला भिऊन राम तिला सोडतात. सेनापती कृतांतवक्त्र तिला रानात उतरवून रडत उभा राहतो. तेव्हा ती त्याच्याबरोबर जो निरोप धाडते त्याचा आशय असा: लोकांच्या बोलण्यावरून मला सोडलंत, पण लोकांच्या बोलण्यावरून धर्म सोडू नका. दुसरी एखादी असती तर शाप दिला असता. पुढे अग्निपरीक्षा होते, आगीचं पाणी होतं, राम हात जोडून म्हणतात, चल घरी. आणि सीता नाही म्हणते. तिथल्या तिथे केशलोच करते आणि आर्यिका होते. धरणीत गडप होणारी सीता नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत निघून जाणारी सीता. आपल्या घरात हे पुराण असताना आपल्या मुली टीव्हीवरची रडणारी सीता बघतात. यात चूक मुलींची नाही. त्या तीन भागांवर धूळ बसू दिली ती आपण.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझ्या सासूबाई व्रती होत्या. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट नाही, चौकाचं सोवळं कडक, आणि पुस्तकाच्या बाबतीत त्यांचं मत त्या सुनेच्या सासूबाईंसारखंच. मी करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलं की त्या मुखपृष्ठ बघायच्या आणि म्हणायच्या, "शास्त्र संपलं का वाचून सगळं?" संपलं नव्हतं. त्यामुळे मी गप्प. कितीतरी कादंबऱ्या मी तांदळाच्या डब्यामागे ठेवून वाचल्या आहेत.

लपवण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं आणि बायकांत त्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा माझ्या जावेनं ते आणलं. मी ते तिच्याकडून वाचायला घेतलं आणि परत देताना म्हटलं, "सासूबाईंच्या नजरेला पडू देऊ नकोस." म्हणजे मी माझ्या सासूचंच काम करत होते. त्या पुस्तकाबद्दल माझं मत आजही दोन्हीकडचं आहे. सगळा महाराष्ट्र ज्याच्यावर जीव टाकतो त्या नवऱ्याबद्दल एवढं खरं लिहायला छाती लागते. पण बाई इतरांना जशी तराजूत घालते तशी स्वतःलाही घालते असं सांगत राहते, आणि पारडं शेवटी तिच्याच बाजूला झुकतं. दुपारभर वाचलं की मला माझ्या नवऱ्याचे दोष दिसायला लागायचे. तो बिचारा संध्याकाळी दमून यायचा आणि मी उगाच फटकन बोलायची. पुस्तक मिटल्यावर आपले परिणाम कसे आहेत, हे बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

मग सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला ताण द्यायचा नाही, असं सांगितलेलं. त्यांचा स्वाध्याय अडला, तो मी वाचून दाखवायला लागले. सकाळी शास्त्र व्हायचं. दुपारी त्या नुसत्या पडून असायच्या आणि वेळ जात नसे. एका दुपारी मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माझ्यापुरतं वाचत होते आणि हसू फुटलं. "काय गं?" म्हणाल्या. सांगितलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे ते सोवळ्यानं पछाडलेले वडील, आणि त्यांच्यापायी घरच्यांची उडणारी त्रेधा. सासूबाई आधी ऐकत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्या माहेरीही एक असे काका होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की या बाईंचा नवरा ख्रिस्ती झाला. चेहरा बदलला. "धर्म सोडलेल्यांचं कशाला वाचायचं? ठेव." मी ठेवलं. दोन दिवस नुसतं शास्त्र झालं. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मग गेली का ती नवऱ्याकडे?"

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पंढरपुरात, माणसांच्या बोलण्यात, हिंदूच. मग मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, पण धर्म लगेच सोडला नाही. एकाच घरात वेगळी चूल. तो भाग वाचताना सासूबाई मध्येमध्ये मला थांबवायच्या. "पाणी कोण भरायचं तिचं?" "मुलगा कुठं जेवायचा?" चौक सांभाळणाऱ्या बाईचे प्रश्न होते ते, आणि त्यांची उत्तरं पुस्तकात होती. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातून विटाळ गेला, जातिभेद गेला, आणि त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. हा क्रम लक्षात घ्या. सासूबाईंना धर्म बदलणं पटलं नाही, मलाही पटत नाही. पण त्या म्हणाल्या, "बाई खोटं बोलत नाही." पुस्तकाला याहून मोठी पावती त्यांनी कधी दिली नाही. माझंही मत तेच आहे. आपल्या कपाटात कुठलंही एकच मराठी पुस्तक ठेवायचं झालं तर हे ठेवा.

त्या धीरावर मी बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचायला घेतलं. १९८६ सालचं. बेबीताई फलटणच्या. घरच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीचे कागद वाचत वाचत त्या वाचक झाल्या, आणि स्वतः लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. माझा तांदळाचा डबा त्यापुढे काय! हे पुस्तक गोड नाही. विषय उड्या मारतात, काही ठिकाणी तेच पुन्हा येतं. पण भूक कशी असते, बाळंतिणीच्या पोटात घालायला काही नसलं की काय करतात, हे असं सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

त्यात एक प्रसंग आहे. महार बायका जळणाच्या मोळ्या विकायला ब्राह्मण आळीत जातात. मोळी टाकून घ्यायच्या आधी त्यांना बजावलं जातं की काटकीत तुमचा केस, लुगड्याचा दोरा अडकला असेल तर आधी काढा, नाहीतर आमचं घर विटाळेल. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, ब्राह्मण आळी. म्हणजे आपण नव्हे. सुटलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या वाड्यात शेणी थापायला एक म्हातारी यायची. तिला पाणी मी वरनं ओतायची. लहान होते, पण मीच ओतायची."

त्या दुपारी पुढे वाचन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वाध्यायाला रत्नकरंडच सुरू होतं, आणि अणुव्रतांच्या उदाहरणांचा श्लोक आला. अहिंसाणुव्रत पाळून कोण पूजेला पात्र झालं, तर पहिलं नाव मातंगाचं. यमपाल चांडाळ. राजाच्या हुकमानं गुन्हेगारांना मारणं हे त्याचं काम. मुनींजवळ त्यानं एवढंच व्रत घेतलं होतं की चतुर्दशीला जीव मारणार नाही. चतुर्दशीला बोलावणं आलं, आणि ते राजपुत्राला मारण्याचं, म्हणजे अंगावरचे दागिने त्यालाच मिळणार. तो घरात लपून बसला. बायकोनं दागिन्यांच्या लोभानं शिपायांना खूण करून जागा दाखवली. राजानं त्याला मगरींच्या डोहात टाकवलं, आणि देवांनी त्याला तिथून उचलून सिंहासनावर बसवलं. ही गोष्ट आम्ही दोघींनी किती वेळा ऐकली असेल. दरवेळी सांगणारे व्रताचा महिमा सांगायचे आणि तो कोण होता ते एका शब्दात उरकायचे. आचार्यांना राजपुत्र सापडला नसता का उदाहरणाला? शेठ सापडला नसता? पण अहिंसेच्या ठिकाणी त्यांनी पहिलं नाव त्याचं घातलं. सासूबाईंनी मला तो श्लोक तीनदा म्हणायला लावला.

आता माझी कबुली. आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी. तो सासूबाईंच्या आज्ञेनं वेगळा होता असं मी स्वतःला सांगत आले होते. पण तो आणला मी, ठेवला मी. मी कॉलेजात शिकलेली, वाचनालयात जाणारी. त्या दिवशी तो कप मी घासून बाकीच्या कपांत ठेवला. सासूबाईंनी पाहिलं. मला वाटलं, आता चौकाचा विषय निघणार. त्या म्हणाल्या, "माझं तांब्या-भांडं माझ्या व्रतापुरतं वेगळं. ते मी तुझ्यापासूनही वेगळं ठेवते. तिचं वेगळं कुठल्या व्रतात येतं?"

यानंतर त्या आठ वर्षं जगल्या. कादंबरीला विकथा म्हणणं त्यांनी सोडलं नाही. पण दुपारी चष्मा पुसून म्हणायच्या, "आण तुझी विकथा."

ती सून मंगळवारी आली. मी तिला सगळं कपाट दाखवलं आणि वर लिहिलेली बहुतेक मतं तोंडी ऐकवली. पद्मपुराण तिला द्यायला जड, म्हणून ठरवलं की चातुर्मासात दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे बसून वाचायचं, सीतेपासून सुरुवात करायची, वंशावळी नंतर. तिच्या सासूबाईंनाही बोलवायचं आहे. त्यांना मी अजून विचारलेलं नाही. शास्त्रवाचन म्हटलं की येतील, आणि ते खोटंही नाही. तुमच्यापैकी कोल्हापुरात कोणी असेल तर तुम्हीही या. आपापला चष्मा आणा, आणि पाणी गाळून ठेवलेलं असेल.

जाताना तिनं 'स्मृतिचित्रे' पिशवीत कोथिंबिरीखाली घातलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. काल बस्तीत भेटली. प्रदक्षिणा घालताना माझ्या मागून चालत होती, आणि तिसऱ्या फेरीला हळूच म्हणाली, "काकू, मग ती जाते का हो नवऱ्याकडे?"

मी सांगितलं नाही.